अपात्र ठरविलेले रुग्ण

दि. ७ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय औषध नियंत्रकांनी एक आदेश काढला. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अथवा युरोपीय संघ यांपैकी कोठेही मान्यता मिळालेल्या काही वर्गांतील नव्या औषधांना येथील रुग्णांवरील चाचणीवाचूनच भारतात परवानगी देता येईल, असा त्याचा आशय आहे. प्रचलित उपचारांपेक्षा लक्षणीय सुधारणा घडविणारी औषधे हा त्यांतील एक वर्ग. कर्करोगावरील अनेक नव्या औषधांना हे दार मोकळे आहे, हे उघड आहे. औषध लवकर मिळणार म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांना या आदेशाने हायसे वाटले तर त्यांना कोण दोष देईल? परंतु ज्या परदेशी चाचण्यांच्या भरवशावर ही सूट दिली जाते, त्या चाचण्यांत कोणाला घेतले आणि कोणाला उंबरठ्यावरूनच परत पाठविले, हा प्रश्न या निमित्ताने विचारला गेला नाही. तो विचारला पाहिजे. आणि फुप्फुसाच्या कर्करोगाइतका त्याला योग्य असा दुसरा रोग नाही.

२०२२ साली या रोगाने जगात सुमारे १८ लाख माणसे दगावली. अन्य कोणत्याही कर्करोगाने इतके बळी घेतले नाहीत. नवी औषधेही याच रोगावर मोठ्या संख्येने येत आहेत. प्रत्येक औषधाच्या चाचणीला पात्रतेच्या अटींची एक लांबलचक यादी जोडलेली असते. मूत्रपिंड व यकृत ठरावीक मर्यादेत काम करीत असले पाहिजे, रोग मेंदूत पसरलेला नसावा, पूर्वी दुसरा कर्करोग झालेला नसावा, अमुक संसर्ग नसावा, इत्यादी. यांतील काही अटी रुग्णाच्या जीविताच्या रक्षणासाठी आवश्यकच आहेत. मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारे औषध दुबळ्या मूत्रपिंडाच्या माणसाला देऊन प्रयोग करावा, असे कोणी म्हणणार नाही. तथापि किती तरी अटी एका आराखड्यातून दुसऱ्यात केवळ नकलून येतात. अमेरिकेतील ५१ फुप्फुस-कर्करोग चाचण्यांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ८० टक्के चाचण्यांनी पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्यांना वगळले होते.

सर्वांत बोलकी अट मात्र निराळीच आहे. रुग्ण कितपत हिंडूफिरू शकतो, हे मोजण्यासाठी ईकॉग नावाची एक मोजपट्टी वापरतात. ती आजच्या रूपात १९८२ साली प्रसिद्ध झाली. शून्य म्हणजे पूर्ववत धडधाकट. एक म्हणजे कष्टाची कामे होत नाहीत, पण हलकी कामे होतात. दोन म्हणजे स्वतःचे आटोपता येते, पण काम करता येत नाही. तीन व चार म्हणजे उत्तरोत्तर खाटेला खिळलेला. हलक्या कामाचा नमुना म्हणून या पट्टीत घरकाम आणि कचेरीतील काम यांची उदाहरणे दिली आहेत. पट्टी कोणत्या समाजात घडली, हे यावरून कळावे! बहुतेक मोठ्या चाचण्या शून्य व एक एवढ्यांनाच प्रवेश देतात.

आता आपल्याकडील रुग्ण कोणत्या अवस्थेत रुग्णालयात पोचतो ते पाहावे. खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त ही लक्षणे क्षयाचीही आहेत, आणि जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरोगी भारतात आहेत. तेव्हा गावचा डॉक्टर आधी क्षयाच्या गोळ्या देतो, आणि त्यात त्याचे फारसे चुकते असेही नाही. काही महिने निघून जातात. मग जिल्ह्याचे ठिकाण, मग उसनवार, मग मुंबई. परळच्या पदपथावर मुक्काम टाकलेला बिहारचा वा विदर्भाचा मजूर डॉक्टरांसमोर उभा राहतो तेव्हा तो मोजपट्टीवर दोन किंवा तीनवर गेलेला असतो. त्याचे उशिरा येणे ही सामाजिक वस्तुस्थिती होती. चाचणीच्या कागदावर ती वैद्यकीय अपात्रता बनते. त्यात पुन्हा प्रतिकारशक्ती चेतविणाऱ्या नव्या औषधांच्या काही चाचण्यांनी क्षयाचा पूर्वेतिहास असलेल्यांनाही बाहेर ठेवले आहे. न्यूयॉर्कमध्ये या अटीने फारसे कोणी गळत नसेल. सोलापुरात किंवा पाटण्यात किती गळतील?

हे असे का होते, याचे उत्तर वैद्यकशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. चाचणीचा खर्च बहुधा औषध कंपनी करते. निवडक, ठणठणीत, एकसारखे रुग्ण घेतले की औषधाचा गुण स्पष्ट दिसतो, मध्येच मृत्यू व गुंतागुंती कमी होतात, थोड्या रुग्णांत निर्णय लागतो आणि भांडवल लवकर मोकळे होते. विक्रीच्या वेळी मात्र ही निवड विसरली जाते. मान्यतेच्या कागदावर रोगाचे नाव असते. सशक्त रुग्णांपुरते ते औषध मर्यादित राहतेच असे नाही. पारख अरुंद आणि बाजारपेठ रुंद, असा हा व्यवहार आहे. महिन्याला लाखो रुपयांचे औषध जमीन गहाण टाकून घेणाऱ्या कुटुंबाला ते आपल्या माणसासारख्या माणसावर कधी तपासलेच गेले नाही, हे सांगणारा कोणी नसतो. जोखमीचा हा हिस्सा कंपनीच्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही.

अटी सैल केल्या तर शास्त्र बिघडेल, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला पुराव्यानेच उत्तर दिले पाहिजे. २०२१ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील ६१ हजारांवर रुग्णांच्या नोंदी घेऊन फुप्फुस-कर्करोगाच्या दहा चाचण्या संगणकावर पुन्हा मांडून पाहण्यात आल्या. मूळ अटींनी सरासरी ३० टक्केच रुग्ण पात्र ठरत होते. अटी विचारपूर्वक सैल करताच पात्र रुग्णांची संख्या दुपटीहून अधिक झाली आणि औषधाचा लाभ उणावला नाही. रक्ततपासणीच्या कित्येक मर्यादांचा तर निष्कर्षावर परिणामच नव्हता. दुसरे उदाहरण उलट बाजूचे, म्हणून अधिक शिकविणारे. दोन औषधांच्या एका जोडीने १३६ रुग्णांच्या लहान चाचणीत आयुष्य वाढल्याचे २०२२ साली दिसले. मोजपट्टीवर दोन असलेल्यांनाही घेणारी, मोजक्याच अटींची मोठी चाचणी अमेरिकेत २०२३ साली सुरू झाली आणि तिच्यात ८३८ रुग्ण आले. तीत तो लाभ टिकला नाही. याचे सारे कारण अटींत शोधणे चूक ठरेल. लहान संख्येत योगायोगही असतो. पण एक महागडी जोडी सरसकट वापरात येण्याआधीच सर्वसाधारण रुग्णांवर पारखली गेली, हे काय थोडे झाले?

आणि या बाबतीत परदेशाकडेच पाहण्याचे कारण नाही. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतील टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या फुप्फुस-कर्करोगावर ३५० रुग्णांची चाचणी घेऊन २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गेफिटिनिब ही जुनी गोळी एकटी द्यावी की तिच्या जोडीला केमोथेरपी द्यावी, एवढाच प्रश्न होता. मोजपट्टीवर दोन असलेल्यांना त्यांनी दार बंद केले नाही. असे रुग्ण सुमारे एक पंचमांश होते. मेंदूत रोग पसरलेलेही काही होते. जोडउपचाराने रोग आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. तीव्र दुष्परिणाम मात्र २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले, हेही त्यांनी लपविले नाही. याच कल्पनेवर एका नव्या व कितीतरी महाग गोळीची आंतरराष्ट्रीय चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत ५५७ रुग्ण होते, आणि सारे मोजपट्टीवर शून्य वा एकवरचेच.

पुरोगामी चळवळीला या विषयावर थोडे आत्मपरीक्षणही करावे लागेल. १९७५ च्या हाथी समितीच्या अहवालापासून औषधांच्या किमती आणि विदेशी कंपन्यांची मक्तेदारी यांवर चळवळीने सातत्याने लिहिले. चाचण्यांविषयी मात्र तिची भूमिका एकाच शब्दात मावत आली: गिनिपिग. ती निराधार नव्हती. २००९-१० साली खम्मम व वडोदरा येथे मुलींना दिलेल्या लशीच्या प्रकल्पावर संसदीय समितीने २०१३ साली कडक ताशेरे ओढले. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने चाचण्यांवरील देखरेखीबद्दल शासनाला फटकारले. नुकसानभरपाईचे नियम आणि दृक्‌श्राव्य संमती ही त्या लढ्याचीच फळे होत. परंतु गरिबाला फसवून चाचणीत ओढणे आणि गरिबाला न विचारता चाचणीबाहेर ठेवणे यांत विरोध मानण्याचे कारण नाही. दोन्ही ठिकाणी आराखडा दुसराच कोणी लिहितो आणि रुग्ण नंतर कळतो. चाचणी म्हणजे फुकट उपचार, असा प्रचारही चळवळीने करू नये. चाचणीतील औषध निरुपयोगी किंवा घातक ठरू शकते. मागणी आहे ती उपचाराचे ज्ञान ज्याच्यावर वापरायचे त्याच्यावर तपासून घेण्याची.

त्यासाठी २०१९ च्या औषध-चाचणी नियमांत फार उलथापालथ करण्याची गरज नाही. वगळण्याच्या प्रत्येक अटीमागचे कारण आराखड्यात लिहून देणे बंधनकारक करावे. किती रुग्ण तपासले, किती कोणत्या अटीमुळे नाकारले, हे निष्कर्षांबरोबर प्रसिद्ध करावे. स्थानिक चाचणीतून सूट घेणाऱ्या कंपनीला विक्रीनंतरची चौथ्या टप्प्याची चाचणी करावीच लागते. तीत मोजपट्टीवरील दोनचे, क्षय होऊन गेलेले आणि वृद्ध रुग्ण घेतल्याखेरीज ती पुरी झाली असे मानू नये. ज्या प्रश्नात कंपनीला नफा दिसत नाही, उदाहरणार्थ जुन्या औषधांचे स्वस्त मिश्रण किंवा कमी मात्रा, तेथे सार्वजनिक पैसा ओतला पाहिजे. बुडालेल्या मजुरीची भरपाई हाही त्या खर्चाचाच भाग समजावा, कारण दर पंधरवड्याला परळला येणे ही न लिहिलेली सर्वांत कठोर अट आहे.

कार्यकर्त्यांना आज करता येण्याजोगेही एक काम आहे. चाचणीला मंजुरी देणाऱ्या प्रत्येक नीतिसमितीवर निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात, आणि त्यांत एक सामान्य नागरिकही असावा लागतो. शासकीय व महापालिकेच्या रुग्णालयांतील समित्यांवर ही जागा कोणाकडे आहे, ती व्यक्ती किती बैठकांना हजर होती आणि वगळण्याच्या अटींवर तिने कधी एखादा प्रश्न विचारला का, ही माहिती जिल्हा शाखांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागवावी.