कैफियत कोणाची?

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण महजर, करीना, कैफियत यांच्यापाशी आवर्जून थांबतो. बखरीच्या शेजारी त्यांना मानाने बसवतो, आणि दरबारी गरजेपोटी लिहिलेल्या या कागदांत त्या काळच्या माणसांचे जगणे व भाषा कशी उतरली आहे, हे विद्यार्थ्यांना दाखवतो. त्याच कुळातले कागद आज प्रत्येक जिल्हा न्यायालयात रोज लिहिले जातात, याकडे मात्र आमच्या अभ्यासकांचे लक्ष जात नाही. अपघातात कायमचा जायबंदी झालेला माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाईसाठी अर्ज करतो. त्या अर्जात त्याचे सारे आयुष्य दोन-चार पानांत सांगायचे असते: वय, काम, मिळकत, काय करता येत होते आणि आता काय करता येत नाही. गंमत अशी की आजच्या न्यायालयीन मराठीत ‘कैफियत’ हा शब्द जखमीच्या वाट्याला आलेला नाही. तो करतो तो ‘अर्ज’. कैफियत देतो तो प्रतिवादी, म्हणजे बहुतेक वेळा विमा कंपनी.

शब्दांची ही वाटणी आम्हांला योगायोगाची वाटत नाही. कैफियत लिहिण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी संघटित आहे त्याच्याकडेच तो शब्द गेला आहे. जखमींची बाजू मांडणाऱ्या संघटित वकीलसंस्था आपल्या देशात उभ्या राहिल्या नाहीत. त्या उभ्या राहू नयेत अशी तजवीज वकिली व्यवसायाच्या प्रतिष्ठेचे नाव घेऊन करण्यात आली, आणि त्या प्रतिष्ठेचा खर्च समाजातल्या सर्वांत दुबळ्या माणसांच्या अंगावर टाकण्यात आला, असे आमचे म्हणणे आहे.

गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या वाटेवर हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. सालेकसा तालुक्यातल्या या गुहेपाशी माघ पौर्णिमेला गोंड समाज कोयापुनेमच्या महापूजेसाठी जमतो. महाराष्ट्रातून येतात तसे मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही लोक येतात. कोणी रेल्वेने दरेकसा वा सालेकसा गाठतो, कोणी एस.टी.ने येतो. आणि आपल्याकडच्या जत्रांना ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व मालवाहू टेम्पो भरभरून माणसे जातात, हे कोणाला सांगायला नको. अशी ट्रॉली उलटली तर काय? मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ साली सांगितले. १९९४ च्या दुरुस्तीने मालासोबत जाणारा मालक वा त्याचा प्रतिनिधी तेवढा विम्याच्या कक्षेत घेतला. कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि मग वाहनमालकाकडून वसूल करावी, असे आदेश काही प्रकरणांत निघतात. पण ते मागावे लागतात, आणि मागण्यासाठी ते माहीत असावे लागतात. तेलंगणातून आलेल्या यात्रेकरूला आपला दावा गोंदियातच चालवण्याची सक्ती नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १६६ वे कलम त्याला स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे जाऊ देते. हे त्याला कोण सांगणार? २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला, तेव्हा कुठे थोडी उसंत मिळाली. ज्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे त्याने या घडामोडींवर नजर ठेवावी, अशी कायद्याची अपेक्षा असावी.

आता अर्जाच्या मजकुराकडे वळू; साहित्याच्या वाचकाला खरा रस तिथे वाटायला हवा. समजा, बत्तीस वर्षांच्या एका स्त्रीचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चैतात मोहफुले वेचणे, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून पुडे बांधणे, पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत रोवणी आणि बारा महिने घरचे काम, हे तिचे वर्ष. घाईत लिहिलेल्या अर्जात ती ‘गृहिणी’ होते, उत्पन्न दरमहा ४,००० रुपये धरले जाते आणि वैद्यकीय दाखल्यावरचे ५० टक्के अपंगत्व जसेच्या तसे उतरवले जाते. सरला वर्मा निकालाने (२००९) ठरवलेल्या तक्त्यात या वयाला १६ चा गुणक आहे. हिशेब होतो ३,८४,००० रुपयांचा. तिचेच वर्ष कोणी नीट विचारून लिहिले, कामाचे साक्षीदार उभे केले, मिळकत दरमहा ८,००० सिद्ध झाली, प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) भावी वाढीचे ४० टक्के त्यात मिळवले आणि पाय गमावलेली ही बाई यांतले बाहेरचे कोणतेच काम आता करू शकत नाही हे पटवून दिले, तर हिशेब २१,५०,४०० रुपयांचा होतो. आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत, रीत मात्र न्यायालयांचीच आहे. बाई तीच, अपघात तोच, पाय तोच. फरक साडेपाच पटींहून अधिक, आणि तो पडला केवळ लेखनामुळे.

आम्ही अतिशयोक्ती करतो असे कोणाला वाटेल, म्हणून राज कुमार विरुद्ध अजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (२०१०) पाहावा. हात तुटलेला माणूस सुतार वा वाहनचालक असेल तर त्याची कमावण्याची शक्ती जवळजवळ पूर्ण गेली. तोच सरकारी कचेरीतला कारकून असेल तर तसे म्हणता येणार नाही, असा विवेक त्यात आहे. शरीराची टक्केवारी आणि जगण्याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र हा विवेक ज्या तपशिलावर चालतो तो अर्जात आणि साक्षीत यावा लागतो. न्यायाधीश मोहाच्या झाडाखाली जाऊन पाहत नाहीत.

‘गृहिणी’ या शब्दाचा इतिहासही बोलका आहे. १९९४ साली कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीत बिनकमाईच्या माणसाचे वार्षिक उत्पन्न १५,००० रुपये कल्पिले होते, आणि पत्नीचे कमावत्या नवऱ्याच्या एक तृतीयांश. जनगणनेने गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत ‘अनुत्पादक’ म्हणून बसवले, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अरुण कुमार अग्रवाल प्रकरणात कठोर ताशेरे ओढले. २०२१ च्या कीर्ती प्रकरणाने घरकामाचे मोल पुन्हा अधोरेखित केले. स्त्रीवादी समीक्षेने जे कादंबऱ्यांच्या पानांत शोधले ते इथे रुपयांत मोजले जात होते, आणि आमच्या चर्चासत्रांना त्याचा पत्ता नव्हता.

हे लेखन करणार कोण? विमा कंपन्यांकडे नेमलेले वकील आहेत, तपासनीस आहेत, आणि शेकडो दाव्यांचा अनुभव एका ठिकाणी साठलेला आहे. आपल्या मोठ्या वकीलसंस्था कंपन्यांची विलीनीकरणे, कर आणि लवाद यांत गुंतलेल्या आहेत. जखमीच्या बाजूला असतो तो बहुधा जिल्हा न्यायालयातला एकटा वकील, ज्याला अस्थिरोगतज्ज्ञ साक्षीला आणण्याचा खर्चही पेलवत नाही. तो खर्च आपण करतो, जिंकलो तर रकमेतला ठरावीक वाटा घेऊ, असे त्याने अशिलाला म्हटले, तर बार कौन्सिलच्या आचारनियमांतला विसावा नियम त्याला दोषी ठरवतो. आपण असे दावे चालवतो हे त्याने जाहीर सांगितले, तर छत्तिसावा नियम आड येतो. २००८ साली तो सैल झाला तो संकेतस्थळावर नाव-पत्ता आणि पात्रता देण्यापुरता. वकिली हा व्यापार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्याच वकिलांच्या दाभोळकर प्रकरणात १९७५ साली बजावले. न्यायालयाच्या दारात अशिलांवर झडप घालणाऱ्या वकिलांविषयी ते बोल होते, आणि ते योग्यच होते. पण त्यामागचा तर्क पुढे नेऊन पाहावा. निकालातल्या वाट्याचा करार बेकायदा नाही, वकिलाने मात्र तो करू नये, असे त्याच न्यायालयाने १९५४ साली मुंबईच्या एका वकिलाच्या प्रकरणात सांगितले होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पंचविसाव्या आदेशातली महाराष्ट्राची दुरुस्ती तर दाव्याला पैसा पुरवणाऱ्या त्रयस्थाचे अस्तित्व गृहीतच धरते. म्हणजे एखाद्या धनिकाने जखमीच्या दाव्यात भांडवल घालून वाटा घ्यावा, याला मोकळीक. ज्याला दावा कळतो त्याने घेतला की गैरवर्तन. याला प्रतिष्ठा म्हणायचे असेल तर म्हणावे.

बंदीने व्यवहार थांबत नसतो, तो फक्त काळोखात जातो. रुग्णालयाच्या आवारात घुटमळणारा दलाल जाहिरात करत नाही आणि लेखी करारही करत नाही. म्हणूनच त्याला कोणताच नियम लागू होत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा घेणाऱ्याने किती ठेवून घेतले, हे अंगठा देणाऱ्याला कधीच कळत नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की वाटा मिळू लागला तर खोटे दावे बोकाळतील. उत्तर प्रदेशातल्या बनावट दाव्यांचे प्रकरण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गाजले, हे खरे. पण ते घडले तेव्हा वाट्यावर बंदीच होती. दुसरा आक्षेप भोपाळचा. १९८४ च्या डिसेंबरात अमेरिकी वकील गिधाडांसारखे उतरले, हे चित्र आमच्या पिढीच्या मनात पक्के आहे. त्या गिधाडांपासून वाचवण्यासाठी सरकारने १९८५ च्या कायद्याने सर्व दावे स्वतःकडे घेतले आणि १९८९ साली ४७ कोटी डॉलर्सवर तडजोड केली. पीडितांना कोणी विचारले नाही. गिधाडांची भीती दाखवून पालकत्व घेणाऱ्याने काय दिले, हेही त्या चित्रात रंगवायला हवे. इंग्लंडने मधला मार्ग काढला: ‘जिंकलात तरच फी’ हा करार मान्य केला, २०१३ पासून जखमींच्या दाव्यात यशाच्या जादा फीवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि अशील आणून देणाऱ्याला दलाली देणे बंद केले. तिथे सारे आलबेल आहे असे नव्हे. पण व्यवहार उजेडात आहे.

विधी सेवा प्राधिकरणे आहेतच की, असेही म्हटले जाईल. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि तो हक्क मोलाचा आहे. पण नेमलेला वकील मिळणे आणि दाव्यामागे डॉक्टर, दुभाषा, तपास, भांडवल उभे असणे यांत अंतर आहे. राज्याची सहानुभूती कशी चालते ते गोंदियानेच पाहिले. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी गोंदिया-कोहमारा मार्गावर शिवशाही बस उलटून दहाच्या वर प्रवासी गेले. मृतांच्या वारसांना दहा लाखांची मदत तातडीने जाहीर झाली. मदत मिळालीच पाहिजे. परंतु ती देणाऱ्याच्या मर्जीची असते. जे वाचले आणि उरलेले आयुष्य मोडक्या शरीराने काढणार आहेत, त्यांचा हिशेब घोषणेत मावत नाही. तो दाव्यातच मांडावा लागतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जखमींच्या दाव्यांपुरता विसावा नियम उठवावा. वाट्याला कमाल मर्यादा घालावी. करार अशिलाच्या भाषेत, गोंडी बोलणाऱ्यासाठी गोंडीत वाचून दाखवलेला, आणि न्यायाधिकरणाने तपासलेला असावा. अशा वकीलसंस्थांना आपण आहोत एवढे तरी उघडपणे सांगू द्यावे.

आणि काही मागणे आमच्या क्षेत्राकडेही आहे. कचारगडच्या कथेत गुहेत कोंडलेली तेहतीस मुले सुटतात, तेव्हा त्यांना वाद्याच्या सुरांनी बळ देणारा हिरासुका पाटालीर त्याच शिळेखाली चिरडला जातो, असे सांगतात. तो कोण होता, काय वाजवत होता आणि कशासाठी गेला, हे त्या समाजाने विसरू दिलेले नाही. आमचे न्यायाधिकरण अशाच माणसाला ‘मजूर, अंदाजे उत्पन्न’ म्हणून नोंदवते. पूर्व विदर्भातल्या महाविद्यालयांत मराठी शिकणारी अनेक मुले या दोन्ही भाषांच्या मध्ये वाढली आहेत. मोह वेचणाऱ्या बाईचे वर्ष न्यायालयाला समजेल अशा शब्दांत लिहिणे त्यांना जमेल, किंबहुना त्यांनाच जमेल. जुन्या कैफियती शिकवणाऱ्यांनी त्यांना ही नवी कैफियतही लिहायला शिकवावी. नाहीतर ती विमा कंपनीचीच राहील.