आजोबा नावे विसरतात? आशाताईंना ‘हो’ सांगा

आशाताई घरी सीबॅक फॉर्म भरायला येतात, तेव्हा साठीपुढच्या व्यक्तीला एक प्रश्न असतो: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होतो का? बऱ्याच घरांत ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय तिथेच संपतो. तुम्ही तसे करू नका.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या १०० पैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) आहे. एकूण रुग्ण सुमारे ८८ लाख. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरच्या खेड्यांसाठीही हा घरचाच प्रश्न आहे. पण ‘हो’ या उत्तरानंतर घरच्यांना मदत कोण करणार?

गोव्यातील संशोधन काय सांगते?

गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अमित डायस यांच्या संशोधनाचा बराच भाग याच प्रश्नाभोवती आहे. ‘संगत’ संस्थेसोबत त्यांनी केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ८१ कुटुंबांपैकी निम्म्या घरी प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते गेले. आजार समजावणे, रुग्णाशी कसे वागावे ते दाखवणे, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देणे, हे त्यांचे काम. सहा महिन्यांनी सांभाळ करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारले. रुग्णाच्या लक्षणांत मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही. ही मदत आजार बरा करत नाही, ती सांभाळणाऱ्याला उभे ठेवते.

पुढे २०१९ मध्ये त्यांच्याच गटाने उदासीनतेची सौम्य लक्षणे असलेल्या १८१ ज्येष्ठांचा अभ्यास मांडला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, तरीही वर्षभरात त्यांची मदत मिळालेल्या गटात ४.४ टक्के लोकांना नैराश्याचा आजार झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण १४.४ टक्के होते.

हे वऱ्हाडात जमेल का?

नैराश्याच्या बाबतीत जमले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प राबवला गेला. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच उपचारासाठी कोणाकडे गेले होते. १८ महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झाले. तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा. पण गावातलाच माणूस दारात आला, तर लोक मनाचे दुखणे सांगतात, एवढे त्यातून दिसते.

म्हणून फॉर्ममध्ये प्रश्न आला, एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. घरभेटीचे काम आधीच भार वाहणाऱ्या आशाताईंवर फुकट टाकूनही चालणार नाही. गोव्यातील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण होते आणि पाठीशी तज्ज्ञ होते. इथेही वेगळे मानधन, प्रशिक्षण आणि जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञांचा आधार हवा. ग्रामसभेत ही मागणी तुम्ही करू शकता.

तुम्ही आज काय कराल?

• विसरणे वाढत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय (इर्विन) किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय येथे पाठवण्यास सांगा.

• बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा काही औषधे यांमुळेही विसरायला होते. त्यावर उपचार आहेत, म्हणून तपासणी टाळू नका.

• एक-दोन दिवसांतच गोंधळ, बरळणे सुरू झाले किंवा डोक्याला मार लागल्यावर वागणे बदलले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

• रुग्णाशी वाद घालू नका, दिनक्रम एकसारखा ठेवा आणि खिशात नाव व फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

• सांभाळणारी बहुधा घरातली सून, मुलगी किंवा म्हातारी बायकोच असते. तिला आठवड्यातून काही तास सुटी द्या. तिला झोप लागत नसेल, सारखे रडू येत असेल, तर तिलाही डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावरही बोलता येते.