थोडा काळ म्हणजे किती?

१९९१ च्या जूनअखेर देशापाशी जेमतेम दोन आठवड्यांची आयात भागेल एवढेच परकीय चलन उरले होते. जुलैत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले आणि रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून परदेशी गेले. घरचे सोने गहाण पडणे म्हणजे काय, हे आमच्या वाचक भगिनींना समजावून सांगावयास नको! २४ जुलैला डॉ. मनमोहन सिंग यांनी अंदाजपत्रक मांडले. त्याच दिवशी अठरा उद्योग वगळता परवानापद्धती मोडीत निघाली. पंतप्रधान होते नरसिंह राव. हरिभाऊंची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ तेलुगूत नेणारा हा गृहस्थ आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांना अंमळ आपलाच वाटे.

औषध लागू पडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. २००३ च्या डिसेंबरात परकीय गंगाजळी शंभर अब्ज डॉलरांपलीकडे गेली. ‘थोडा काळ सोसा’ असे सांगणारे हिशेबात चुकले नाहीत. आमचा आक्षेप ‘थोडा काळ’ या शब्दांना आहे. व्याकरणात ऱ्हस्व-दीर्घाला निदान नियम तरी असतो.

खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले, तेव्हा शेतकऱ्यांचा आवाज दिल्लीस पोहोचला. वाढ ३० टक्क्यांवर आली आणि लहान शेतकऱ्यांना तीतून वगळण्यात आले. ज्यांचा आवाज पोहोचत नाही, त्यांचे काय?

आपल्या इंदूरचेच पाहावे. हुकुमचंद मिल याच सुमारास बंद पडली. गिरण्यांचे दुखणे जुनेच. तेव्हा सारे खापर नव्या धोरणावर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु १९९२ साली, काम गमावणाऱ्यांना नवे कसब शिकवावे म्हणून, सरकारने राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापला होता. त्यातील बहुतेक रक्कम सरकारी कारखान्यांतील स्वेच्छानिवृत्तीवरच खर्ची पडली. खाजगी गिरणीतला कामगार कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत राहिला.

अधिक फळाची आशा धरून आज तोटा सोसणे शहाणपणाचेच. आम्ही विद्यार्थ्यांना तेच सांगत आलो आहोत. मात्र तेथे सोसणारा आणि फळ चाखणारा एकच असतो. येथे लाभ झाला तो बहुतांशी दुसऱ्यांना, पुढच्या पिढीला. तेव्हा लाभातला पहिला वाटा सोसणाऱ्याचा, असे धोरण आखतानाच लिहून ठेवावयास हवे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सोने विलायतेस पोहोचण्यास दोन आठवडे पुरले. हुकुमचंदच्या सुमारे ४८०० कामगारांच्या थकबाकीचा २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. तोवर अनेकजण निवर्तले होते. त्यांच्या वाट्याची रक्कम वारसांच्या हाती पडावयाची होती.