माळ्यावरचे स्पीकर

गेल्या महिन्यात आमच्याकडे होम थिएटरवरून चांगलंच रण माजलं. मुलाचं म्हणणं, नवा ५५ इंची टीव्ही, पाच स्पीकर आणि तो धडधडणारा सबवूफर घेऊन टाकू, साठ हजारांत बसतं. मी नको म्हटलं. "आई, तुला त्यातलं काय कळतं?" हे अर्थातच ऐकून घ्यावं लागलं.

मूळ कारण निराळंच होतं. ह्यांनी हॉलमध्ये बसणंच सोडलं होतं. आधी टीव्हीचा आवाज वाढवत राहिले, मग शेजाऱ्यांनी दार वाजवलं, मग एके दिवशी म्हणाले, "नाटक तूच बघ, मला नुसती पुटपुट ऐकू येते." सत्तेचाळीस वर्षं शेजारी बसून नाटकं पाहिलेला माणूस आतल्या खोलीत पेपर वाचत बसू लागला.

मी जन्मभर मराठी शिकवलं, म्हणून एक गोष्ट चटकन लक्षात आली. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस, ते कानात शिरतात. स, त, फ अशी व्यंजनं मात्र गळतात. मग आवाज येतो, शब्द येत नाही. अशा माणसाला सबवूफर देऊन काय करायचं? खालची पट्टीच वाढायची! शिवाय मागचे दोन स्पीकर ठेवायला सोफ्यामागे जागा हवी. आमचा सोफा भिंतीला टेकलेला. (त्या भिंतीपलीकडे तेच शेजारी.)

आणि हल्लीचे टीव्ही इतके सपाट, की बिचाऱ्या स्पीकरला तळाशी नाहीतर पाठीमागे तोंड करून बसावं लागतं. पडदा मोठा केला म्हणून त्यात काय फरक पडणार?

माळ्यावर आमचा १९८८ सालचा अँप्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर होते. पुतण्याने उतरवले. स्पीकरच्या कडेचा फोम हात लावताच भुगा झाला. दुरुस्तीवाल्याने दोन्हींचा बदलून दिला. टीव्हीच्या ऑप्टिकल जोडणीतून जुन्या अँप्लिफायरला आवाज द्यायला एक छोटी डबी लागते, ती आठशेला आली. पहिल्या दिवशी आवाजच येईना! टीव्हीच्या सेटिंगमध्ये डॉल्बी काढून पीसीएम करायचं असतं, हे कळायला दुपार गेली. स्पीकर कानाच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर पुढे, एकमेकांपासून जितके लांब तितकेच आमच्यापासून. खालच्या पट्टीचं बटण थोडं कमी, वरच्या पट्टीचं थोडं जास्त. सगळा खर्च साडेतीन हजार.

आता टीव्हीच्या रिमोटने आवाज कमीजास्त होत नाही, उठून बटण फिरवावं लागतं. ते काम ह्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. परवा एका संवादाला माझ्याआधी हसले.

तरी शब्द अधूनमधून निसटतातच, म्हणून उरलेल्या पैशांतले काही श्रवणयंत्रासाठी बाजूला ठेवलेत. मुलाला ही वाटणी पटलेली नाही. कानाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली आहे. "स्पीकर आलेत ना, आता डॉक्टर कशाला?" असं काल दोनदा म्हणून झालं. रिक्षा मात्र मी सांगून ठेवली आहे.