पोलादाची अंगठी

धनत्रयोदशीला सराफकट्ट्यावर पाय ठेवायला जागा नसते. गुंजभर का होईना, सोनं घरात यावं ही आपली रीत. यंदा अंकाची जुळवाजुळव करताना मात्र घराबाहेर गेलेल्या सोन्याची एक गोष्ट मनातून हलेना. अंकातल्या 'सत्ता आणि संमती' या विभागाचं मूळ त्या गोष्टीत आहे.

१८ डिसेंबर १९३५, रोम. मुसोलिनीच्या राजवटीने या दिवसाला 'श्रद्धादिन' म्हटलं होतं. ३ ऑक्टोबरला इटलीच्या फौजा युद्ध न पुकारताच इथिओपियात घुसल्या होत्या आणि राष्ट्रसंघाने १८ नोव्हेंबरपासून इटलीवर आर्थिक निर्बंध घातले होते. त्यातून तेल वगळलेलं होतं, सुएझचा कालवाही खुलाच होता. तरीही देशावर संकट आल्याची आरोळी उठली आणि बायकांनी लग्नाच्या अंगठ्या देशाला द्याव्यात असं ठरलं. पहिली अंगठी राणी एलेनाने दिली, मागे रांग लागली. मंगळसूत्र उतरवून देण्यासारखंच ते. बदल्यात हातावर पोलादाची अंगठी पडे. तिच्यावर कोरलेलं असे, 'सोने मातृभूमीला, १८ नोव्हेंबर, १४'. हे १४ म्हणजे फॅसिस्ट शकाचं वर्ष. १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला, तिथून ही नवी कालगणना. काही बायांनी म्हणे स्वस्तातली दुसरी अंगठी घेऊन ती दिली आणि खरी घरी लपवली. त्या बायांबद्दल मला फार आदर वाटतो.

कारण शहाण्यांना तेवढंही जमलं नाही. नाटककार पिरांदेल्लोने आदल्याच वर्षी मिळालेलं नोबेल पदक देऊन टाकलं. तत्त्वज्ञ क्रोचे तर राजवटीचा उघड विरोधक. १९२५ मध्ये फॅसिझमविरोधी विचारवंतांचा जाहीरनामा त्याने लिहिला होता. त्यानेही आपलं सिनेटरपदाचं पदक दिलं. सरकारला नकार देणारा माणूस देशाचं नाव निघताच गप्प होतो, हे हुकूमशहाला आपल्याआधी कळलेलं असतं.

तिकडे इथिओपियात विमानांतून मस्टर्ड वायू टाकला जात होता. अनवाणी सैनिक, शेतकरी, गुरं, सगळ्यांच्या अंगावर फोड उठत होते. विषारी वायू न वापरण्याच्या १९२५ च्या जिनिव्हा करारावर इटलीची सही होती. ५ मे १९३६ ला आदिस अबाबा पडलं. ३० जूनला पदच्युत सम्राट हैले सेलासी राष्ट्रसंघात बोलायला उभा राहिला, तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या. फेब्रुवारी १९३७ मध्ये व्हाइसरॉय ग्रात्सियानीवर बाँब फेकला गेला आणि त्याचा सूड म्हणून तीन दिवस राजधानीत कत्तल चालली. इथिओपिया मृतांचा आकडा ३०,००० सांगते. मे महिन्यात देब्रे लिबानोस मठातले शेकडो साधू गोळ्या घालून मारले गेले.

या कहाणीत आपलीही माणसं आहेत. १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात इटालियन फौजेशी लढणाऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. स्वतः पारतंत्र्यात, परक्या साम्राज्याच्या गणवेशात, आणि झुंज मात्र दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी.

बाहेरची आग घरात यायला वेळ लागला नाही. १९३८ च्या वंशकायद्यांनी इटलीतल्या ज्यूंची मुलं शाळांतून आणि शिक्षक नोकऱ्यांतून काढले. 'श्रद्धादिनी' अंगठ्या देणाऱ्यांत ज्यू स्त्रियाही होत्या. पुढे मुसोलिनी गडगडला आणि रोम जर्मनांच्या हाती गेलं. सप्टेंबर १९४३ मध्ये एसएसच्या अधिकाऱ्याने तिथल्या ज्यूंना ३६ तासांत ५० किलो सोनं आणायला फर्मावलं, नाहीतर माणसं उचलू म्हणाला. लोकांनी साखळ्या, कर्णफुलं, अंगठ्या आणून दिल्या. काही ख्रिस्ती शेजाऱ्यांनीही दिल्या. सोनं तोलून पोचतं झालं. १६ ऑक्टोबरच्या पहाटे ट्रक आलेच. हजारांहून अधिक माणसं आउशवित्झला गेली, त्यांतली १६ परतली.

पहिल्या वेळी सोनं मिरवणुकीने गेलं, दुसऱ्या वेळी धाकाने. मधल्या आठ वर्षांत 'नाही' म्हणायच्या जागा एकेक करून संपल्या होत्या. त्याची सुरुवात तर अंगठ्यांच्याही आधीची. १९३१ मध्ये विद्यापीठांतल्या सुमारे १,२०० प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली, तेव्हा नकार देणारे जेमतेम डझनभर निघाले. बाकीच्यांची कारणं आपल्या ओळखीची आहेत: घर, पगार, पेन्शन, 'एका सहीने काय होतंय'.

दिवाळी अंक हे काही लढाईचं हत्यार नव्हे. फराळाच्या ताटाशेजारी दुपारी लोळत वाचायची ती गोष्ट. पण वाचणारा माणूस सही करण्याआधी मजकूर वाचतो, एवढी आशा आम्ही धरून आहोत. यंदा दागिना घ्याल तेव्हा तो कुणाच्या हाकेला बोटातून उतरवाल आणि कुणाच्या नाही, हेही घरात बोलून ठेवा. दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.