साखरेची गोळी आणि ‘अँटिऑक्सिडंट’चा मोह

परवा एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. उपाशीपोटी साखर २४०. खिशातून त्यांनी एक रंगीत डबी काढली. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, ही अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल सुरू केली आहे. महाग पडते, म्हणून तुमची साखरेची गोळी एकच वेळ घेतो.”

साखर वाढली की पेशींमध्ये ‘फ्री रॅडिकल्स’ नावाचे उपद्रवी रेणू जास्त तयार होतात. रक्तवाहिन्या, डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांना ते इजा करतात, हे खरे. त्यांना आवर घालणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. मधुमेहाच्या काही औषधांतही हा गुण आहे. ग्लिक्लाझाइड प्रयोगशाळेत फ्री रॅडिकल्स टिपते, मेटफॉर्मिनबद्दलही तसे पुरावे आहेत.

पण परीक्षानळीतला गुण रुग्णाला तारेलच असे नाही. ट्रॉग्लिटाझोन या औषधाच्या रेणूत तर ई जीवनसत्त्वासारखा भागच होता. १९९७ मध्ये ते अमेरिकेत विक्रीस आले आणि यकृताला गंभीर इजा होते असे दिसल्यावर २००० मध्ये मागे घ्यावे लागले. २००२ मध्ये ब्रिटनमधील २०,५३६ व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष आले. त्यांत सुमारे सहा हजार मधुमेही होते. ई, सी आणि बीटा कॅरोटीन पाच वर्षे देऊनही हृदयविकार कमी झाला नाही.

याउलट १९९८ मध्ये ब्रिटनच्याच दुसऱ्या अभ्यासात, मेटफॉर्मिन घेणाऱ्या स्थूल रुग्णांमध्ये मधुमेहामुळे होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी आढळले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की औषधातला अँटिऑक्सिडंट गुण हा वरकड फायदा समजावा. त्यासाठी औषध निवडू नये, बदलू नये. साखर आटोक्यात आली की फ्री रॅडिकल्सचे मूळच आखडते. कॅप्सूलच्या पैशांत दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीएवनसी आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा व लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असेल, तर बी-१२ जीवनसत्त्वही पाहावे. ताटात पालेभाजी, कोशिंबीर आणि बेताचे फळ असू द्यावे.

गुरुजींना एवढेच म्हटले, “छप्पर गळत असताना भिंतीला रंग कशाला देता? आधी गोळी दोन्ही वेळा घ्या.” गुरुजी हसले. डबी मात्र त्यांनी टेबलावरच ठेवली.