दुसरे दार कोणासाठी?

महाविद्यालयाचे दार वर्षातून एकदाच, पावसाळ्याच्या तोंडाशी उघडावे आणि ते मिटल्यावर बाहेर राहिलेल्याने बारा महिने ओसरीवर बसून काढावेत, ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कोणी रीतही म्हणत नाही. तो निसर्गक्रमच समजला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २०२४ मध्ये या क्रमाला पहिल्यांदा हात घातला. विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना यापुढे जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी असे वर्षातून दोनदा प्रवेश देता येतील, असे आयोगाने जाहीर केले, आणि २०२५ च्या विनियमांत ही मुभा समाविष्टही केली. या निर्णयावर पुरोगामी वर्तुळात दोनच प्रतिक्रिया उमटल्या. काहींनी त्याची दखलच घेतली नाही. उरलेल्यांनी ‘परदेशी विद्यापीठांची नक्कल’ किंवा ‘शिक्षणाच्या बाजारातील आणखी एक हंगाम’ म्हणून त्याची बोळवण केली. प्रस्तुत लेखकाला या दोन्ही प्रतिक्रिया घातक वाटतात. जानेवारीचे दार ही श्रमिकांच्या मुलांची गरज आहे. आपण त्याकडे पाठ फिरवली, तर ते दार उघडेलच. फक्त ते ज्यांना त्याची गरज नाही त्यांच्या अंगणात उघडेल.

प्रथम जूनच्या पावित्र्याविषयी. जपानमध्ये विद्यापीठांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, दक्षिण कोरियात मार्चमध्ये. जर्मनीत हिवाळी आणि उन्हाळी अशी दोन सत्रे आहेत आणि अनेक अभ्यासक्रमांना दोन्ही सत्रांत प्रवेश मिळतो. दूर कशाला, आपल्याच देशात महामारीच्या काळात आयोगाने प्रथम वर्षाचे वर्ग २०२० साली १ नोव्हेंबरपासून आणि २०२१ साली १ ऑक्टोबरपासून सुरू करण्याचे वेळापत्रक काढले होते. २०२२ साली तर महामारी ओसरल्यानंतरही, केवळ सामायिक प्रवेश परीक्षेच्या विलंबापायी, दिल्ली विद्यापीठाचे प्रथम वर्ष नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. राज्यकर्त्यांची अडचण असते तेव्हा दिनदर्शिका रबरासारखी ताणता येते. शेतमजुराच्या मुलीची अडचण पुढे आली की मात्र ती पाषाणासारखी अचल होते. हा भेद कोणत्या न्यायात बसतो?

आता आमच्या चांदवड तालुक्याची दिनदर्शिका पाहा. डोंगरउताराचा, अवर्षणप्रवण असा हा मुलूख. कांदा, मका, टोमॅटो आणि पाणी असेल तिथे द्राक्षे, यांवर इथले घर चालते. उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो. ज्याच्याजवळ चाळ आहे तो त्यातला बराच माल साठवून भावाची वाट पाहतो. ज्याच्याजवळ नाही तो पडेल त्या भावाने विकून मोकळा होतो. आणि जून उजाडला की बियाणे, खत, नांगरट, सोसायटीच्या कर्जाचे जुने-नवे यांत हातचा पैसा संपतो. वडनेरभैरव असो की धोडंबे, वर्षभरात घरातील रोकड ज्या पंधरवड्यात तळाला जाते, नेमक्या त्याच पंधरवड्यात महाविद्यालय प्रवेशशुल्क, गणवेश, पुस्तके आणि शहरातील खोलीचे आगाऊ भाडे मागते. मका आणि लाल कांदा बाजारात जाऊन चार पैसे हाती येतात ते दिवाळीच्या पुढेमागे, कधी डिसेंबरअखेर. तोवर प्रवेश केव्हाच बंद झालेले असतात. मुलगा मग ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू’ म्हणून पिंपळगाव किंवा लासलगावच्या बाजारात हमालीला, नाहीतर एखाद्या दुकानात लागतो. मुलीच्या बाबतीत ‘पुढच्या वर्षी’ या शब्दांचा अर्थ बहुधा लग्न असा असतो. एक वर्षाचा खंड हा सुखवस्तू घरात विश्रांतीचा काळ असेल. आमच्याकडे तो शिक्षणाचा शेवट असतो.

जानेवारीतही हाताला उसंत नसते, हे मी विसरलेलो नाही. उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे तेच दिवस, आणि वाफ्यात वाकलेल्या पाठींत मुलींच्याच पाठी अधिक. बीडच्या ऊसतोड कुटुंबाला तर जानेवारी म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. त्यांना जूनच सोयीचा. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत उठवली नाही. त्या वर्षी शेतकऱ्यांनी याच चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. त्यांच्या घरी जानेवारीतही पैसा नव्हता. पण यावरून जूनचे समर्थन होत नाही. यावरून एवढेच सिद्ध होते की कोणतीही एकच तारीख ही कोणाची तरी सोय आणि दुसऱ्या कोणाची तरी कोंडी असते. म्हणूनच दारे दोन हवीत.

बारावीत एखाद्या विषयात अडखळलेल्यांचेही असेच आहे. पूर्वी नापास मुलाला ऑक्टोबरच्या परीक्षेची वाट पाहावी लागे आणि त्याचे वर्ष जाई. वर्ष वाया जाऊ नये, हे तत्त्व राज्य सरकारने २०१५ साली दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्ये घेऊन स्वतःच मान्य केले. पुढे ते बारावीलाही लागू झाले. परंतु फेरपरीक्षेचा निकाल हाती घेऊन मुलगा येतो तेव्हा चांगल्या महाविद्यालयांतील जागा भरून गेलेल्या असतात. तत्त्व मान्य करायचे आणि त्याचा लाभ मिळू द्यायचा नाही, असा हा व्यवहार आहे.

ही गरज काल्पनिक आहे असे म्हणणाऱ्यांनी आयोगानेच दिलेला आकडा वाचावा. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणात जुलै २०२२ मध्ये १९ लाख ७३ हजार विद्यार्थी दाखल झाले. जानेवारी २०२३ मध्ये तिथे दुसऱ्यांदा प्रवेश दिले, तेव्हा आणखी ४ लाख २८ हजार जण आले. हे सव्वाचार लाख लोक कोण? यांत नोकरदार असतील, गृहिणी असतील. परंतु पैसा, आजारपण वा हंगाम यांमुळे जुलै हुकलेलेही असणारच. याचा दुसरा अर्थ असा की गरिबासाठी दुसरे दार आजही आहे, पण ते शिक्षक नसलेल्या खोलीत उघडते. नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे ऋण मोठे आहे. तथापि जो अठरा वर्षांचा मुलगा फळ्यासमोर बसू शकतो आणि बसू इच्छितो, त्याला केवळ तारीख हुकली म्हणून टपालाने आणि पडद्यावरून शिकायला लावणे हा न्याय नव्हे.

आता आपल्या साथींचे आक्षेप. पहिला आक्षेप असा, की संस्थाचालक वर्षातून दोनदा शुल्क गोळा करतील. ही शंका निराधार नाही. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना दारे उघडून दिली, तेव्हाही भाषा ‘जास्त मुलांना संधी’ हीच होती. त्यातून काय उभे राहिले, ते महाराष्ट्राने चाळीस वर्षे पाहिले. सरकार जिथे दार उघडते पण पैसा देत नाही, तिथे व्यापारी उंबरठ्यावर येऊन बसतो, हा त्या अनुभवाचा धडा आहे. मात्र त्यातून निघणारी मागणी ‘दार लावा’ अशी नसून ‘अनुदानासह उघडा’ अशी असली पाहिजे.

दुसरा आक्षेप प्राध्यापक संघटनांचा: कामाचा भार. इथे हिशेब स्पष्ट मांडू. तीन वर्षांच्या पदवीच्या विभागात कोणत्याही सहामाहीत तीन वर्ग चालतात. जुलैनंतर पहिले, तिसरे आणि पाचवे सत्र, जानेवारीनंतर दुसरे, चौथे आणि सहावे. जानेवारीची तुकडी घेतली की तीन वर्षांत सहाही सत्रे एकाच वेळी चालू लागतात. चार वर्षांच्या पदवीत चाराचे आठ वर्ग होतात. म्हणजे अध्यापनाचे काम दुप्पट. साहाय्यक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास शिकवावे, असा आयोगाचाच दंडक आहे. तेव्हा दुप्पट वर्गांना जवळपास दुप्पट माणसे लागणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी नको. आणि आज स्थिती काय? ग्रामीण अनुदानित महाविद्यालयांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावरचे तरुण प्राध्यापक तुटपुंज्या मानधनावर विभाग चालवीत आहेत. संघटनांचा आक्षेप त्यामुळे शंभर टक्के खरा आहे. पण तो दुसऱ्या प्रवेशाच्या विरोधात वापरण्याऐवजी पदभरतीच्या बाजूने वापरला पाहिजे. रिक्त पदांसाठी आजवर आपण निवेदने दिली, ती मंत्रालयात धूळ खात पडली. आता आयोगाच्या विनियमाचा आधार घेऊन विचारता येईल: दोनदा प्रवेश देण्याची मुभा दिलीत, मग शिकवणारे कुठे आहेत?

सहा सत्रे एकाच वेळी चालण्याचा एक लाभ मात्र कोणीच बोलून दाखवत नाही. पहिल्या सत्रात नापास झालेल्याला आज ते विषय पुन्हा वर्गात शिकायचे, तर वर्ष थांबावे लागते. तो गाईड घेऊन एकटाच झगडतो. आई आजारी पडली, विहीर आटली, म्हणून एक सत्र घरी राहिलेली मुलगी परत येते तेव्हा तिचे पुढचे सत्र निघून गेलेले असते. दर सहामाहीला प्रत्येक सत्र उपलब्ध असेल, तर वर्षाचा तोटा सहा महिन्यांवर येतो. गळती रोखण्यासाठी समित्या नेमणाऱ्यांना हे सुचू नये, याचे आश्चर्य वाटते.

खरा प्रश्न आयोगाच्या एका शब्दात दडला आहे: ‘ऐच्छिक’. ज्या संस्थांकडे इमारती आणि अध्यापक पुरेसे आहेत त्यांनीच दोनदा प्रवेश द्यावेत, सक्ती नाही, असे आयोग म्हणतो. ऐकायला हे समंजस वाटते. पण आज इमारती आणि अध्यापक कोणाकडे आहेत? पुण्या-मुंबईच्या खाजगी विद्यापीठांकडे. तेव्हा जानेवारीत लाखांचे शुल्क भरू शकणाऱ्या मुलाचे वर्ष वाचेल, आणि ज्याच्या बापाला कांद्याची पट्टी मिळायला डिसेंबर उजाडतो, त्याच्या तालुक्याच्या महाविद्यालयावर ‘सुविधा उपलब्ध नाही’ अशी पाटी राहील. आयोगाने समर्थनार्थ उद्योगांना वर्षातून दोनदा नोकरभरती करता येईल असे सांगितले. कारखानदाराच्या हंगामाचा उल्लेख झाला, शेतकऱ्याच्या हंगामाचा झाला नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी रयतेच्या करातून वरच्यांचे शिक्षण चालते यावर बोट ठेवले होते. एकशे चाळीस वर्षांनंतर त्यांच्या प्रश्नाची धार तिळभरही बोथट झालेली नाही.

शिवाय दार उघडून भागत नाही; पुढची वाट तपासावी लागते. जानेवारीत दाखल झालेल्या दलित, आदिवासी, भटक्या वा इतर मागास विद्यार्थ्याला त्याच सत्रापासून शिष्यवृत्ती मिळणार, की महाडीबीटीच्या पुढच्या फेरीसाठी तिष्ठावे लागणार? वसतिगृहाची जागा जुलैतच भरून गेली असेल, तर तो राहणार कुठे? चांदवडला जिचा रंगमहाल आहे त्या अहिल्याबाईंच्या नावाने मुलींना एस. टी.चा मोफत पास मिळतो, पण तो बारावीपर्यंतच. पदवीची पहिली पायरी चढताच तो हातातून जातो. आणि जानेवारीत आलेला विद्यार्थी तीन वर्षांनी डिसेंबरमध्ये पदवीधर होईल, तेव्हा एम. ए., एम. एस्सी. वा बी. एड.चे प्रवेश मात्र पावसाळ्यातच असतील, तर वाचवलेले सहा महिने दुसऱ्या टोकाला पुन्हा गमावले जातील.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. एक, प्रत्येक तालुक्यात किमान एका अनुदानित महाविद्यालयात जानेवारीचा प्रवेश राज्याने बंधनकारक करावा आणि त्याचा खर्च उचलावा. दोन, त्यासाठी लागणारी पदे कायम स्वरूपाची असावीत. तासिका तत्त्वावर नवी तुकडी चालवू नये. तीन, शिष्यवृत्ती, शुल्कमाफी, वसतिगृह आणि प्रवासाचा पास दोन्ही प्रवेशांना एकाच तारतम्याने लागू व्हावेत. चार, पदव्युत्तर प्रवेशही वर्षातून दोनदा व्हावेत.

१९८६ च्या नोव्हेंबरात याच चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरले होते. त्या संघटनेच्या अर्थविचाराशी आपले मतभेद होते आणि आहेत. पण शेतात राबणारी बाई स्वतःच्या हक्कासाठी हजारोंनी एकत्र येते, हे या गावाने पाहिले आहे. तेव्हा आलेल्या बायांच्या नाती आज बारावी होऊन घरी बसल्या आहेत. त्यांच्यापर्यंत हा प्रश्न नेणे कार्यकर्त्यांचे काम आहे. येत्या दिवाळीपूर्वी तालुक्यातील प्रत्येक शाखेने आपल्या गावात बारावीनंतर किती मुलेमुली थांबली, कोणत्या महिन्यात आणि कशापायी थांबली, याची वही करावी. ती वही घेऊन आपण विद्यापीठाच्या दारात जाऊ. आयोगाकडे आकडे आहेत. आपल्याकडे नावे असली पाहिजेत.